आपला वाटा

शेताला बांध असतो, गावाला शीव असते आणि देशाला सीमा असते. हवेला मात्र ह्यांपैकी काहीच नसते. एका गावच्या चुलीचा धूर त्या गावच्या शिवेपाशी थांबत नाही. एका देशातील धुराड्यातून निघालेला वायू दुसऱ्या देशाची परवानगी विचारीत नाही. वर्ष-दीड वर्षाच्या आत तो साऱ्या पृथ्वीभोवतीच्या हवेत मिसळून जातो. म्हणून हवा ही जगातील सर्व माणसांची सामाईक मालमत्ता होय. सामाईक विहिरीचे पाणी उपसताना आपला वाटा किती, हे प्रत्येकाने पाहावयाचे असते. हवेच्या बाबतीत मात्र हा विचार माणसाने फार उशिरा केला. ह्या सामाईक हवेत कोणी किती भर घातली आणि ती सांभाळण्याचे काम कोणी किती अंगावर घ्यावे, हा प्रश्न आज साऱ्या जगापुढे उभा आहे. त्याचे उत्तर शोधताना दोन दूरदूरच्या देशांतील दोन मुलींची हकीकत उपयोगी पडेल. परंतु त्याआधी हवेचे गणित समजून घेतले पाहिजे.

सूर्याच्या उन्हाने जमीन तापते आणि तापलेली जमीन आपली उष्णता पुन्हा आकाशाकडे पाठविते. ही सगळीच उष्णता निसटून गेली असती, तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली सुमारे १८ अंश सेल्सिअस इतके उतरले असते आणि नद्या व समुद्र गोठून गेले असते. तसे होत नाही. कारण हवेतील पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि आणखी काही वायू त्या उष्णतेचा काही भाग अडवून धरतात. थंडीच्या रात्री गोधडी जे काम करते, तेच काम हे वायू पृथ्वीसाठी करतात. त्यामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान १५ अंशांच्या आसपास राहते आणि येथे जीवसृष्टी नांदते. पांघरूण हे काही वैरी नव्हे. परंतु ते गरजेपेक्षा जाड होऊ लागले म्हणजे जीव कासावीस होतो.

हे पांघरूण कसे ओळखले गेले, त्याचा इतिहासही मनोरंजक आहे. १८५६ साली अमेरिकेतील युनिस फूट ह्या विदुषींनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून त्या उन्हात ठेवल्या. कार्बन डायऑक्साइडने भरलेली नळी इतरांपेक्षा अधिक तापली आणि निवण्यासही तिला अधिक वेळ लागला. पुढे १८५९ साली लंडन येथे जॉन टिंडॉल ह्यांनी सूक्ष्म उपकरणांच्या साह्याने हे वायू उष्णता शोषून घेतात, हे सिद्ध केले. १८९६ साली स्वीडन देशातील स्वान्ते अऱ्हेनियस ह्या शास्त्रज्ञांनी कागद आणि लेखणी घेऊन त्याचा हिशेब मांडला. हवेतील कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला, तर पृथ्वीचे तापमान पाच ते सहा अंशांनी वाढेल, असे त्यांचे गणित सांगत होते. आजच्या शास्त्रज्ञांच्या मते ही वाढ सुमारे तीन अंशांची आहे. परंतु दिशा तीच. माणसाला हा वायू दुप्पट करण्यास हजारो वर्षे लागतील, अशी अऱ्हेनियस ह्यांची समजूत होती. माणसाची कोळशाची आणि तेलाची भूक किती झपाट्याने वाढणार आहे, ह्याची कल्पना त्या काळी कोणालाच नव्हती.

ती भूक मोजणारे साधन पुढे सापडले. १९५८ सालच्या मार्च महिन्यात चार्ल्स कीलिंग ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी प्रशांत महासागरातील हवाई बेटावर, मौना लोआ नावाच्या ज्वालामुखी पर्वताच्या उतारावर, हवेतील कार्बन डायऑक्साइड मोजण्यास प्रारंभ केला. जागा मुद्दामच निवडली होती. समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, शहरे आणि कारखाने ह्यांपासून दूर, तेथे निर्मळ वारा वाहतो. त्या काळी हवेच्या दहा लाख भागांत ह्या वायूचे सुमारे ३१५ भाग भरत. थोड्याच काळात कीलिंग ह्यांच्या लक्षात एक गंमत आली. उत्तर गोलार्धातील अरण्ये उन्हाळ्यात पालवली, की झाडे हा वायू शोषून घेत आणि आकडा खाली येई. पानगळ झाली, की तो पुन्हा वर चढे. जणू पृथ्वी वर्षातून एकदा श्वास घेते आणि सोडते! परंतु ह्या चढउताराबरोबरच आणखी एक गोष्ट दिसू लागली. प्रत्येक वर्षाची सरासरी मागील वर्षापेक्षा थोडी अधिकच असे. कारखानदारीच्या युगापूर्वी, १७५० सालच्या सुमारास, हा आकडा २८० च्या आसपास होता. २०२४ साली तो ४२० च्या पुढे गेला. कीलिंग २००५ साली निवर्तले. त्यांच्या पुत्राने ते काम पुढे चालविले.

पांघरूण जाड झाल्याचे परिणाम आता केवळ उपकरणांतच नव्हे, तर शेतात आणि अंगणातही दिसू लागले आहेत. तापमानाच्या नोंदी ठेवण्यास प्रारंभ झाल्यापासून २०२४ हे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. हिमनद्या आटत आहेत आणि समुद्राची पातळी वाढत आहे. पुणे येथील भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांनी इतर सहकाऱ्यांसह १९५० ते २०१५ ह्या काळातील पावसाचा अभ्यास केला. मध्य भारतात विस्तृत प्रदेशावर एकाएकी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग ह्या काळात तिपटीने वाढले, असे त्यांना आढळले. जो पाऊस महिनाभर बेताबेताने पडावयाचा, तो दोन दिवसांत कोसळून जातो आणि मग आकाश कोरडे राहते, असे झाले म्हणजे शेतकऱ्याचे किती हाल होतात, हे महाराष्ट्रातील मुलांना निराळे सांगावयास नको. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरिस येथे जगातील राष्ट्रे एकत्र आली. तापमानाची वाढ दोन अंशांच्या पुष्कळ खाली, शक्य तर दीड अंशावरच रोखण्याचा प्रयत्न करावा, असे त्यांनी ठरविले. ठरविणे सोपे होते. पाळणे कठीण ठरत आहे.

मग हे पांघरूण इतके जाड कोणी केले? ह्या प्रश्नाचे एक उत्तर अगदी चटकन दिले जाते. ‘माणसे फार झाली!’ असे म्हणून पुष्कळ लोक मोकळे होतात. हे उत्तर नवे नाही. १७९८ साली इंग्लंडमधील टॉमस माल्थस ह्यांनी असे प्रतिपादन केले होते, की लोकसंख्या अन्नापेक्षा वेगाने वाढते आणि म्हणून माणसाच्या नशिबी उपासमार अटळ आहे. त्यांनी हे लिहिले तेव्हा जगाची लोकसंख्या सुमारे १०० कोटी होती. १९६० साली ती ३०० कोटी, १९९९ साली ६०० कोटी आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये ८०० कोटी झाली. २०२३ साली लोकसंख्येच्या बाबतीत भारताने चीनला मागे टाकले आणि तो पहिल्या क्रमांकाचा देश बनला. हे आकडे लहान नव्हेत. माणसे वाढली म्हणजे पाणी, धान्य, जमीन, शाळा आणि दवाखाने ह्यांची गरज वाढते, हे कोणीही नाकारणार नाही. तथापि चटकन दिलेले उत्तर नेहमीच पुरे असते असे नाही. ते पडताळून पाहिले पाहिजे.

कीलिंग ह्यांनी मोजणी सुरू केली, त्या १९५८ साली जगात सुमारे २९० कोटी माणसे होती. आज ती ८०० कोटींच्या वर आहेत. म्हणजे लोकसंख्या तिपटीहूनही थोडी कमीच वाढली. त्याच काळात कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून दरवर्षी हवेत सोडला जाणारा कार्बन डायऑक्साइड मात्र चौपटीहून अधिक झाला. वाढ केवळ डोक्यांची असती, तर वायूही तितकाच वाढला असता. ह्यावरून असे दिसते, की माणसांच्या संख्येबरोबर त्यांची राहणीही हिशेबात धरली पाहिजे.

आता दोन देशांचा हिशेब करून पाहू. भारतात सुमारे १४५ कोटी लोक राहतात आणि येथील एका माणसाच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरी सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड येतो. दोहोंचा गुणाकार २९० कोटी टन. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सुमारे ३४ कोटी लोक राहतात. परंतु तेथील एका माणसाच्या वाट्याला सुमारे १४ टन येतात. हा गुणाकार ४७६ कोटी टन होतो. चौथ्या हिश्श्याहूनही कमी माणसे, आणि तरीही दीडपटीहून अधिक वायू! शिवाय हा वायू हवेत शेकडो वर्षे टिकून राहतो. तेव्हा ज्या देशांनी दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीच कारखाने उभारले, त्यांची जुनी बाकीही ह्या खात्यावर मांडावी लागते. ह्याचा अर्थ अमेरिकेतील माणसे वाईट आणि भारतातील चांगली, असा मुळीच नव्हे. पुष्कळ भारतीयांचा वाटा लहान आहे, तो त्यांनी संयम केला म्हणून नव्हे, तर त्यांच्या घरी पुरेशी वीज, वाहन किंवा सुखसोयी पोहोचल्याच नाहीत म्हणून. आणि आपल्याच देशात एकाच रस्त्यावरील दोन घरांच्या वाट्यांतही मोठे अंतर असू शकते. गणित दोष देण्यासाठी मांडावयाचे नसते. खरे काय ते कळावे म्हणून मांडावयाचे असते.

लोकसंख्येच्या वाढीचीही एक दुसरी बाजू आहे आणि ती आशादायक आहे. भारतात १९५० नंतरच्या दशकात एका स्त्रीला सरासरी सहाच्या आसपास मुले होत. २०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा दोनवर आल्याचे दिसले; महाराष्ट्रात तर तो दोनच्याही खाली होता. हा बदल का घडला? मुली शाळेत जाऊ लागल्या. आरोग्याच्या सोयी वाढल्याने जन्मलेली बालके जगू लागली. आणि आपल्याला किती मुले हवीत, ह्याचा निर्णय करण्याची संधी आईबापांना मिळाली. गरिबांच्या घरातील मुले मोजून त्यांना नावे ठेवल्याने हे साधले नाही. ज्ञान आणि आरोग्य जेथे पोहोचले, तेथे वाढ आपोआप मंदावली. कोणाही मुलाचा जन्म हा पृथ्वीवर झालेला अपराध नव्हे. मूल जन्मास आले म्हणून नव्हे, तर ते कोणत्या रीतीने वाढते, त्याच्या घरी दिवा कशावर पेटतो आणि त्याचा गाव कसा चालतो, ह्यांवर त्याचा भार ठरतो.

हे सर्व गणित शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षांपासून ठाऊक होते. ते लोकांच्या मनापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र मुलांनी केले.

स्वीडनची राजधानी स्टॉकहोम येथे २०१८ सालचा उन्हाळा विलक्षण कडक होता. एरवी थंड असलेल्या त्या देशात ठिकठिकाणी अरण्यांना वणवे लागले होते. २० ऑगस्ट २०१८ रोजी पंधरा वर्षांची एक मुलगी शाळेत न जाता संसदेच्या इमारतीबाहेर जाऊन बसली. तिच्याजवळ एक पांढरी पाटी होती आणि हवामानासाठी आपण शाळेचा संप करीत आहोत, असे त्या पाटीवर लिहिले होते. तिचे नाव ग्रेटा थुनबर्ग. अऱ्हेनियस हे तिच्या वडिलांचे दूरचे नातलग होते आणि त्यांच्यावरूनच वडिलांचे स्वान्ते हे नाव ठेवलेले होते. पहिल्या दिवशी ती एकटीच होती. दुसऱ्या दिवशी आणखी काही जण येऊन बसले. निवडणूक होईपर्यंत तीन आठवडे ती तेथे बसत राहिली आणि त्यानंतर दर शुक्रवारी बसू लागली. शाळा बुडविणे हे तिच्या आईवडिलांना रुचले नव्हते. अभ्यास भरून काढण्याची जबाबदारी तिची तिलाच घ्यावी लागली. १५ मार्च २०१९ रोजी शंभराहून अधिक देशांतील दहा लाखांहून अधिक मुले तिच्याप्रमाणेच रस्त्यावर आली.

ग्रेटाने संसदेकडे जाण्यापूर्वी एक काम आपल्या घरात केले होते. आठव्या वर्षाच्या सुमारास तिने हवामानबदलाविषयी प्रथम ऐकले. इतके मोठे संकट असताना मोठी माणसे आपापल्या कामांत गढून कशी राहतात, ह्या विचाराने पुढे ती आजारी पडण्याइतकी खचली. तिने पुस्तके वाचली आणि मिळालेली माहिती आईवडिलांपुढे मांडली. तिची आई प्रसिद्ध गायिका होती आणि देशोदेशी जाऊन गात असे. मुलीचे म्हणणे पटल्यावर तिने विमानाने प्रवास करणे सोडले आणि परदेशातील कार्यक्रमांवर पाणी सोडले. दुसऱ्याला सांगण्यापूर्वी आपल्या घरातून प्रारंभ करावा, हे ह्या कुटुंबाने पाळले.

असे असले, तरी एकट्याच्या निग्रहाला मर्यादा असते, हेही ह्याच हकीकतीवरून कळते. २०१९ सालच्या ऑगस्टमध्ये ग्रेटाला न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेस जावयाचे होते. विमानाने ते काही तासांचे अंतर. तिने मात्र इंग्लंडमधील प्लिमथ बंदरातून शिडाच्या नौकेतून अटलांटिक महासागर ओलांडला. त्यास पंधरा दिवस लागले. नौकेवर ना धड स्वयंपाकघर होते, ना शौचकूप. जगाने तिच्या धैर्याचे कौतुक केले. परंतु ती नौका परत नेण्यासाठी काही खलाशांना विमानानेच न्यूयॉर्कला जावे लागणार, हे कळताच टीकाही झाली. ती टीका अगदीच खोटी नव्हती. मात्र तिच्यातून निघणारा अर्थ असा नव्हे, की प्रयत्न व्यर्थ होता. जोवर समुद्र ओलांडण्याचे निर्मळ आणि सर्वांना परवडणारे साधनच निर्माण झालेले नाही, तोवर एका माणसाने कितीही निश्चय केला, तरी धूर कोठून तरी निघणारच. म्हणून स्वतःची राहणी बदलणे आणि साऱ्या समाजाची व्यवस्था बदलण्याची मागणी करणे, ही दोन्ही कामे बरोबरीने करावी लागतात.

स्टॉकहोमपासून हजारो किलोमीटर दक्षिणेस आफ्रिकेत युगांडा नावाचा देश आहे. कंपाला ही त्याची राजधानी. तेथील व्हेनेसा नकाते ही बावीस वर्षांची तरुणी नुकतीच महाविद्यालयाचे शिक्षण संपवीत होती. आपल्या देशात ऊन, पूर आणि दरडी ह्यांनी शेतकऱ्यांची दैना का होते, ह्याचा तिने शोध घेतला. ग्रेटाची हकीकत तिच्या कानी आली होती. जानेवारी २०१९ मध्ये ती आपल्या भावंडांना घेऊन कंपालाच्या रस्त्यावर फलक धरून उभी राहिली. पुढे कित्येक आठवडे संसदेच्या फाटकाबाहेर ती एकटीच उभी राहत असे. येणारे-जाणारे लोक तिच्याकडे आश्चर्याने पाहत.

युगांडाची लोकसंख्या साडेचार कोटींहून अधिक आहे आणि ती वेगाने वाढत आहे. ‘माणसे फार झाली’ असे म्हणणारे लोक ज्या देशांकडे बोट दाखवितात, त्यांपैकी हा एक. पण येथील एका माणसाच्या वाट्याला कोळसा, तेल इत्यादी जाळून निघणारा कार्बन डायऑक्साइड वर्षाकाठी किती येतो? अवघा सव्वाशे ते दीडशे किलोग्रॅम. अमेरिकेतील एक माणूस एका वर्षात जितका वायू हवेत सोडतो, तितका सोडण्यास युगांडातील माणसाला सुमारे शंभर वर्षे जगावे लागेल! आणि तरीही २०२० साली अतिवृष्टीमुळे व्हिक्टोरिया सरोवराची पातळी त्यापूर्वीच्या सर्व नोंदींहून वर चढली, तेव्हा काठावरील ह्याच लोकांची घरे पाण्यात गेली. ज्यांचा वाटा सर्वांत लहान, त्यांच्या पदरी हानी मात्र मोठी, असा हा उलटा न्याय आहे.

हा अन्याय एका लहानशा प्रसंगाने सर्वांच्या डोळ्यांपुढे आला. जानेवारी २०२० मध्ये स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे ग्रेटासह पाच तरुणींचे छायाचित्र घेण्यात आले. त्यांपैकी चौघी युरोपातील होत्या आणि एकटी व्हेनेसा आफ्रिकेतील. एका वृत्तसंस्थेने ते छायाचित्र प्रसिद्ध केले, तेव्हा कडेला उभ्या असलेल्या व्हेनेसाचा भाग कापून टाकलेला होता. तिने उघडपणे विचारले, की मलाच का वगळले? त्या संस्थेला दिलगिरी व्यक्त करावी लागली. परंतु व्हेनेसा केवळ प्रश्न विचारून थांबली नाही. युगांडातील शाळांवर सूर्यप्रकाशापासून वीज देणारी तावदाने बसविण्याचा आणि तेथील स्वयंपाकघरांत कमी लाकूड जाळणाऱ्या चुली देण्याचा उपक्रम तिने सुरू केला. मुलींचे शिक्षण हाही हवामानाच्या रक्षणाचाच एक मार्ग आहे, असे ती आवर्जून सांगते.

ह्या दोघींच्या हकीकतींवरून आपल्या घरी परतून पाहिले, तर आपला वाटा कोठे आहे हे दिसू लागते. महाराष्ट्रात कोयनेसारख्या धरणांच्या पाण्यापासून वीज मिळते. परंतु फार मोठा भाग चंद्रपूरसारख्या औष्णिक केंद्रांत कोळसा जाळूनच तयार होतो. कोळशापासून एक युनिट वीज काढताना सुमारे एक किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आता समजा, कोणीही बसलेले नाही अशा खोलीत ७५ वॉटचा पंखा रोज आठ तास फिरत राहिला. त्यास दिवसाला ०.६ युनिट आणि वर्षाला २१९ युनिट वीज लागेल; म्हणजे सुमारे २०० किलोग्रॅम वायू. युगांडातील एका माणसाच्या साऱ्या वर्षाच्या वाट्याहून हा आकडा मोठा आहे! त्या पंख्याने कोणाला वारा दिला नाही, कोणाचा घाम पुसला नाही. गरज आणि उधळपट्टी ह्यांतील भेद तो हाच. उकाड्यात आजारी माणसाच्या उशाशी फिरणाऱ्या पंख्याबद्दल कोणालाही संकोच वाटण्याचे कारण नाही. रिकाम्या खोलीतील पंख्याबद्दल मात्र वाटला पाहिजे.

काटकसर ही मराठी घराला नवीन नाही. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवली जाते. उरलेल्या पोळीचा कुस्करा होतो. मोठ्या भावाचे पुस्तक धाकट्याला मिळते. ह्या गोष्टी केवळ गरिबीच्या खुणा नव्हेत. वस्तूचा मान राखण्याची ती रीत आहे. पानात टाकलेले अन्न उकिरड्यावर कुजले, की त्यातून मिथेन नावाचा वायू निघतो आणि तोही पृथ्वीचे पांघरूण जाड करतो. तेव्हा पानात अन्न न टाकणे, जवळच्या अंतरासाठी वाहन न काढता चालत जाणे, मोडलेली वस्तू दुरुस्त करणे, ही लहानथोर सर्वांना साधणारी कामे आहेत. परंतु येवढ्यावर समाधान मानणे बरे नव्हे. शाळेच्या छपरावर सौर तावदाने का नसावीत, गावाला वेळेवर धावणारी एस.टी. का नसावी, ओढ्याकाठची झाडे का तोडली जावीत, हे प्रश्न मुख्याध्यापकांना, ग्रामपंचायतीला आणि नगरपालिकेला नम्रपणे पण ठामपणे विचारता येतात. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला मत देता येत नाही. प्रश्न मात्र विचारता येतो.

ग्रेटाने २०२३ साली शालेय शिक्षण पूर्ण केले. तिने किंवा व्हेनेसाने हवेतील कार्बन डायऑक्साइड कमी केला, असे म्हणता येणार नाही. मौना लोआवरील आकडा अद्याप चढतच आहे. परंतु ‘हे काम माझे नव्हे’ असे म्हणण्याची जी सोय मोठ्या माणसांनी करून घेतली होती, ती ह्या मुलींनी काढून घेतली. आपल्या मागे किती माणसे आहेत, हे मोजण्यासाठी त्या थांबल्या नाहीत. पाहिलेले सत्य बोलून दाखविले आणि आपल्या वाट्याचे काम हाती घेतले. आठशे कोटी माणसांच्या ह्या जगात प्रत्येकाच्या वाट्याला येणारे काम लहानच असणार. ते लहान आहे म्हणून सोडून द्यावयाचे, की लहान आहे म्हणूनच आजपासून करावयाचे, हे ज्याचे त्याने ठरवावयाचे आहे.

शब्दार्थ

शीव – गावाची हद्द. सामाईक – सर्वांच्या मालकीचे. धुराडे – धूर बाहेर जाण्याची उंच नळी. विदुषी – विद्वान स्त्री. निवणे – थंड होणे. निवर्तणे – मृत्यू पावणे. प्रतिपादन करणे – आपले मत कारणांसह मांडणे. दैना – हाल. निग्रह – पक्का निश्चय. पाणी सोडणे – एखाद्या गोष्टीवरील हक्क सोडून देणे. आवर्जून – मुद्दाम लक्ष देऊन.

स्वाध्याय

१. एकदोन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) हवेला सर्वांची सामाईक मालमत्ता का म्हटले आहे?
(आ) कीलिंग ह्यांनी मोजणीसाठी मौना लोआ पर्वताची निवड का केली?
(इ) छायाचित्राच्या प्रसंगी व्हेनेसाने कोणता प्रश्न विचारला?

२. सात-आठ वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) ‘माणसे फार झाली’ हे उत्तर अपुरे का आहे? पाठातील आकड्यांच्या आधारे स्पष्ट करा.
(आ) शिडाच्या नौकेच्या प्रवासावरून कोणता बोध मिळतो?
(इ) गरज आणि उधळपट्टी ह्यांतील भेद तुमच्या घरातील दोन उदाहरणे देऊन सांगा.

३. ग्रेटाने शाळा बुडविली, हे योग्य की अयोग्य? वर्गाचे दोन गट करून दोन्ही बाजूंनी विचार मांडा. दुसऱ्याचे म्हणणे पूर्ण ऐकून मगच उत्तर द्या.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : नावे ठेवणे, पाणी सोडणे, बोट दाखविणे, मोकळे होणे.

५. गणित करा : तुमच्या घरच्या विजेच्या देयकावर गेल्या महिन्यात किती युनिट वीज वापरल्याची नोंद आहे? ती सर्व वीज कोळशापासून झाली असे धरले, तर किती किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत गेला असेल? त्यांपैकी किती वीज उधळपट्टीत गेली असावी, ह्याचा घरातील सर्वांशी बोलून अंदाज करा.

६. तुमच्या गावातील किंवा प्रभागातील एखाद्या गैरसोयीविषयी ग्रामपंचायतीस अथवा नगरपालिकेस विनंतीपत्र लिहा.